धावू लागलेल्यांची गुडघेदुखी

धावणे हा पूर्वी खेळाडूंचा, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांचा किंवा शाळेच्या क्रीडादिनाचा विषय मानला जाई. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये आणि मुंबईची २००४ मध्ये सुरू झाली. त्यानंतर हे चित्र हळूहळू पालटत गेले. आज शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह, पुण्यातील तळजाई, नागपूरचा अंबाझरी परिसर येथे पहाटे धावणाऱ्यांत बँकेतील अधिकारी, संगणक अभियंते, गृहिणी, निवृत्त शिक्षक असे सर्वच दिसतात. यांतील पुष्कळांनी शाळा सुटल्यानंतर कधीही धावलेले नसते, आणि त्यांच्यापैकी अनेकांची पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गुडघेदुखीशी गाठ पडते.

गुडघा दुखू लागला की घरातून पहिली प्रतिक्रिया येते ती ठरलेली : ‘या वयात धावून गुडघे झिजवून घ्यायचे कशाला?’ दुसरी प्रतिक्रिया सोबत धावणाऱ्या अनुभवी मंडळींची. ‘सुरुवातीला सगळ्यांचेच दुखते, धावत राहा, आपोआप जाईल.’ पहिला सल्ला भीतीपोटी आलेला असतो, दुसरा उत्साहापोटी. नवख्या धावणाऱ्याच्या गुडघ्याला या दोहोंपैकी एकाचाही फारसा उपयोग नाही. हे दुखणे बहुतेक वेळा सांधा झिजल्याचे लक्षण नसते; सांध्याभोवतीच्या ऊतींना जेवढा भार पेलण्याची सवय झालेली आहे, त्याहून अधिक भार त्यांच्यावर फार लवकर पडल्याची ती तक्रार असते. हा फरक ध्यानात आला, तर उपायही बदलतो. धावणे सोडायचे नसते आणि दुखणे रेटायचेही नसते. भार काही काळ उतरवून, स्नायू बळकट करून तो पुन्हा पायरीपायरीने चढवायचा असतो.

धावल्याने गुडघे झिजतात का?

आधी या भीतीचा विचार करू, कारण ती फार खोलवर रुजलेली आहे. गुडघा म्हणजे यंत्रातील बेअरिंग, जितके वापराल तितके घासले जाणार, अशी आपली समजूत असते. परंतु सांधा हा जिवंत अवयव आहे. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते, आणि भार पडणे व सुटणे या आलटून-पालटून होणाऱ्या क्रियेमुळेच हा द्रव तिच्यात शिरतो व बाहेर पडतो. त्यामुळे दिवसभर खुर्चीत बसून राहणे हे कूर्चेच्या दृष्टीने विश्रांती नव्हे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मध्यमवयीन व वयस्क धावणाऱ्यांच्या आणि न धावणाऱ्यांच्या गुडघ्यांच्या क्ष-किरण प्रतिमांची तुलना सुमारे १८ वर्षे केली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात धावणाऱ्यांमध्ये संधिवाताचे प्रमाण अधिक आढळले नाही. २०१७ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात होता, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत हे प्रमाण १०.२ टक्के होते, तर स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्या खेळाडूंत १३.३ टक्के. या आकड्यांचा अर्थ लावताना थोडे सावध राहिले पाहिजे. ज्यांचे गुडघे मुळातच चांगले, तेच धावत राहतात आणि दुखणाऱ्यांची गळती होते, असेही असू शकते. धावल्याने संधिवात टळतोच, असे म्हणणे म्हणून धाडसाचे ठरेल. पण आठवड्यातून तीन-चार दिवस बेताने धावणाऱ्या माणसाचे गुडघे त्यामुळे झिजून जातात, या समजुतीला मात्र या आकड्यांतून आधार मिळत नाही.

धावताना पाय जमिनीवर टेकतो तेव्हा गुडघ्यावर येणारा सर्वाधिक भार चालण्याच्या जवळजवळ तिप्पट असतो, हे खरे आहे. मात्र धावताना पावले लांब पडतात आणि पाय जमिनीवर फार थोडा वेळ टेकतो. त्यामुळे तेवढेच अंतर चालणे आणि धावणे यांत गुडघ्यावरील एकूण भार सारखाच भरतो, असे २०१४ मधील एका अभ्यासात दिसून आले. तरीही प्रत्येक पावलाचा झटका मोठा असतो, आणि नवख्या माणसाच्या ऊतींना त्याचीच सवय नसते.

दम आधी सुधारतो, गुडघा मागे राहतो

धावायला लागल्यावर शरीरातील सर्व घटक एकाच गतीने तयार होत नाहीत. हृदय व रक्ताभिसरण तीन-चार आठवड्यांतच बरीच सुधारणा दाखवतात. पहिल्या दिवशी दोनशे मीटरवर धाप लागणारा माणूस महिन्याभरात न थांबता दोन-तीन किलोमीटर जाऊ लागतो. स्नायूंना थोडा अधिक वेळ लागतो. कंडरा, हाडे व कूर्चा यांची गती मात्र याहून पुष्कळच मंद असते. नव्या भाराला अनुसरून हाडाची पुनर्रचना होण्यास काही महिने लागतात. म्हणजे ज्या सुमारास छाती ‘अजून पळू शकतो’ असे सांगत असते, नेमक्या त्याच सुमारास गुडघ्याभोवतीच्या ऊती मागे पडलेल्या असतात. नवोदितांचे दुखणे चौथ्या ते दहाव्या आठवड्याच्या दरम्यान डोके वर काढताना दिसते, त्यामागे हे एक मोठे कारण असावे.

एक साधा हिशेब करून पाहा. संथ गतीने धावताना एका किलोमीटरला हजार ते सव्वा हजार पावले पडतात. आठवड्यातून तीन दिवस तीन-तीन किलोमीटर धावणाऱ्याची नऊ-दहा हजार पावले होतात. आता रविवारी धावण्याच्या गटासोबत जाऊन त्याने एकदम दहा किलोमीटर पूर्ण केले. त्याच्या दृष्टीने ती फक्त ‘एक लांब धाव’ असते. गुडघ्याच्या दृष्टीने आठवडाभराचा हिशेब एका सकाळीच पूर्ण झालेला असतो. त्यातच रस्ता उताराचा असेल, किंवा त्याच आठवड्यात व्यायामशाळेत बैठका सुरू केल्या असतील, तर हा हिशेब आणखी वाढतो. भार केवळ किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. वेग, चढ-उतार, सलग दिवस आणि दिवसभरातील उठबस या साऱ्यांची त्यात भर पडते.

आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, हा नियम धावणाऱ्यांच्या वर्तुळात मंत्रासारखा सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये ५३२ नवोदितांवर त्याची चाचणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा टक्क्यांच्या बेताने १३ आठवडे वाढ करणाऱ्या गटात आणि ८ आठवड्यांच्या नेहमीच्या कार्यक्रमाच्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. दोन्ही गटांत दर पाच जणांमागे एकाला दुखापत झाली. याउलट डेन्मार्कमधील आठशेहून अधिक नवोदितांच्या २०१४ मधील अभ्यासात, अंतरात ३० टक्क्यांहून अधिक वाढ करणाऱ्यांत गुडघ्यासह काही ठरावीक दुखापती अधिक दिसल्या. तेव्हा दहा या आकड्यात काही जादू नाही. मोठी उडी मात्र महागात पडू शकते. आपल्या आठवड्याच्या नोंदीत मागील दोन आठवड्यांच्या तुलनेत एकदम तिसऱ्या हिश्शाने वाढ दिसली, तर पुढच्या आठवड्यात हात आखडता घेणे शहाणपणाचे.

दुखते नेमके कुठे?

‘गुडघा दुखतो’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. बोट कुठे ठेवले जाते, यावरून अर्धे निदान होते.

नवोदितांत सर्वाधिक आढळणारे दुखणे म्हणजे वाटीच्या मागे किंवा वाटीभोवती जाणवणारी बोथट वेदना. नेमकी जागा दाखवता येत नाही. रुग्ण तळहात वाटीवर गोल फिरवून ‘इथे सगळीकडे’ असे सांगतो. जिना चढताना व विशेषतः उतरताना, उकिडवे बसताना, मांडी घालून बराच वेळ बसून उठताना ती वाढते. चित्रपटगृहात तीन तास किंवा मुंबई-पुणे बसमध्ये गुडघे दुमडून बसल्यावर पाय ताणावासा वाटतो, हीदेखील याच दुखण्याची खूण. धावणाऱ्यांमध्ये याला ‘रनर्स नी’ म्हणतात, वैद्यकीय भाषेत ‘पटेलोफिमोरल पेन’. गुडघा जितका अधिक वाकतो, तितकी वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. त्यामुळे या हालचालींतच ते जाणवते. मांडीचे व नितंबाचे स्नायू दुबळे असतील, तर हा दाब पेलण्याचे काम सांध्यावर अधिक पडते. वाटी घासल्यासारखा किंवा कुरकुरल्यासारखा आवाज येतो म्हणून अनेकजण घाबरतात. सूज व वेदना नसताना येणारा नुसता आवाज काळजीचे कारण नसतो.

दुसरे दुखणे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या किंचित वर असते. त्याची रीत मोठी चमत्कारिक. पहिले दोन-तीन किलोमीटर काहीच होत नाही, मग एका ठरावीक अंतरावर टोचल्यासारखी कळ सुरू होते आणि थोड्याच वेळात धावणे अशक्य होते. चालायला लागले की ती ओसरते, पुन्हा धावले की परत येते. कमरेच्या बाजूपासून नडगीच्या वरच्या टोकापर्यंत जाणारी ‘इलिओटिबियल बँड’ नावाची जाड पट्टी येथे हाडाजवळ दाबली जाते. १९७५ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणातील रुग्णांवरून या विकाराचे वर्णन प्रथम झाले. तेव्हा पट्टी हाडावर घासते, असा समज होता; पुढील शरीररचनाशास्त्रीय अभ्यासांनंतर पट्टीखालच्या संवेदनशील ऊतींवर पडणारा दाब हे कारण अधिक पटणारे ठरले. म्हणूनच त्या जागेवरच रोलर किंवा अंगठा दाबून चोळणे, हा आवडीचा उपाय, उलट दुखणे वाढवू शकतो. उतारावर आणि एकाच बाजूला कललेल्या रस्त्याच्या कडेने सतत धावणाऱ्यांनी ही शक्यता ध्यानात घ्यावी.

वाटीच्या थेट खालच्या टोकाशी, एका बोटाने दाखवता येईल असे दुखत असेल तर तेथील कंडरेवर ताण आलेला असतो. उड्या मारताना किंवा वेगाने धावताना ते वाढते आणि थोडे अंग गरम झाले की कमी भासते. त्यामुळे माणूस फसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते अधिक जाणवते. गुडघ्याच्या आतल्या बाजूचे दुखणे मात्र निरनिराळ्या कारणांचे असू शकते. चाळिशीपुढे तेथील मेनिस्कसची, म्हणजे सांध्यातील अर्धचंद्राकृती गादीची, तक्रार असू शकते. कंडरेखालच्या द्रवपिशवीची सूज असू शकते. आणि नडगीच्या हाडाला आलेला ताणभंग, म्हणजे वारंवार भारामुळे पडलेली बारीक चीर, हीदेखील शक्यता असते. म्हणून आतल्या बाजूला दुखत असेल तर घरगुती तर्क करत बसू नये.

पहिले दोन आठवडे

दुखणे सुरू झाल्यावर पूर्ण विश्रांती घ्यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन-चार दिवस धावणे थांबवणे योग्यच. महिनाभर काहीच न करणे मात्र तोट्याचे, कारण तेवढ्या काळात मांडीचे स्नायू आणखी दुबळे होतात. परत धावायला गेल्यावर तेच दुखणे, तेही आधीपेक्षा कमी अंतरावर भेटते. ‘महिनाभर आराम केला, तरी बरे वाटले नाही’ ही तक्रार येते ती अशी.

यावर एक उपयुक्त मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी कल्पना करावी. धावताना वेदना दोनच्या वर जाऊ नये, धावणे संपल्यावर तासाभरात ती पूर्ववत व्हावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना ती वाढलेली नसावी. या तीन अटी पाळल्या जात असतील, तेवढेच अंतर व तेवढाच वेग सध्या योग्य. पाळल्या जात नसतील तर कमी करावे. मग ते दोन मिनिटांचे धावणे आणि दोन मिनिटांचे चालणे असे आलटून-पालटून का असेना. आधी वेग कमी करावा, उतार व जिने टाळावेत, अंतर लहान करून दिवस वाटून घ्यावेत. धावणे अजिबात सोसत नसेल तर सपाट रस्त्यावर चालणे, पोहणे किंवा उंच बैठक केलेल्या सायकलवर हलके पायडल मारणे चालते.

कॅनडातील क्युबेक येथे झालेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. वाटीभोवती दुखणाऱ्या ६९ धावणाऱ्यांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला केवळ भार कसा कमी-अधिक करायचा, लक्षणांनुसार धावणे कसे बदलायचे, एवढेच शिकवले. दुसऱ्याला त्याशिवाय व्यायाम दिले आणि तिसऱ्याला धावण्याची ढब बदलण्याचे प्रशिक्षण. आठ आठवड्यांनंतर तिन्ही गट सारखेच सुधारले होते. व्यायाम निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. भाराचे नियोजन हाच उपचाराचा कणा आहे, एवढे मात्र यावरून दिसते. ते न करता कितीही व्यायाम केले, पट्ट्या बांधल्या किंवा मलमे लावली, तरी रविवारची लांब धाव सगळे पुसून टाकते.

बर्फाचा शेक दहा-पंधरा मिनिटे दिल्यास बधिरपणामुळे बरे वाटते. कातडीवर थेट बर्फ ठेवू नये. तेल लावून हलक्या हाताने चोळल्याने नुकसान नाही, आणि आजीच्या हाताला गुण असतोच, पण त्याने गुडघ्यावरचा भार घटत नाही. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या नी-कॅपमुळे काहींना आधार वाटतो. ती घालून पूर्वीइतकेच धावणे मात्र स्वतःची फसवणूक ठरते. फिजिओथेरपिस्टने लावलेली चिकटपट्टी काही आठवडे वेदना कमी करू शकते, तीही तात्पुरतीच.

वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची पद्धत सर्वांत वाईट. एक तर ती धोक्याची घंटा बंद करते. शिवाय घाम जाऊन शरीरातील पाणी कमी झालेले असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे मूत्रपिंडावर ताण आणतात. मुंबईच्या दमट हवेत लांब धावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. ‘ग्लुकोसामाइन’च्या गोळ्यांविषयीही सतत विचारणा होते. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवरील २००६ मधील मोठ्या अमेरिकी चाचणीत त्या एकूण रुग्णांमध्ये निष्क्रिय गोळीपेक्षा विशेष सरस ठरल्या नाहीत. नवोदित धावणाऱ्याने त्यांवर पैसे खर्चण्याचे काही कारण दिसत नाही.

मांडी आणि नितंब

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या सहमती-निवेदनात वाटीभोवतीच्या वेदनेसाठी गुडघा व खुबा या दोन्ही भागांचे एकत्रित व्यायाम सुचवले आहेत. खुब्याचा संबंध अनेकांना कळत नाही. एका पायावर भार असताना नितंबाच्या बाजूचे स्नायू कमरेला आडवे तोलून धरतात. ते थकले की कंबर एका बाजूला झुकते, मांडी आत वळते आणि गुडघा आतल्या बाजूला कलतो. दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जाणाऱ्यांचे हेच स्नायू नेमके आळसावलेले असतात.

यासाठी उपकरणांची गरज नाही. हात न टेकवता खुर्चीतून सावकाश उठणे आणि तितक्याच सावकाश बसणे हा पहिला व्यायाम. बसताना तीन सेकंद घ्यावेत आणि गुडघे आत वळत नाहीत, हे आरशात पाहावे. उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणे हा दुसरा. सोपा झाला की एकाच पायावर करावा. तिसरा, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून किंचित मागे नेत उचलणे. तो अतिशय साधा दिसतो, पण पंधराव्या वेळी नितंबाच्या बाजूला जळजळ सुरू झाली नाही, तर पाय बहुधा पुढे गेलेला असतो. चौथा म्हणजे घरातील एका कमी उंचीच्या पायरीवरून एका पायाच्या आधाराने दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला लावून परत वर येणे. हा सर्वांत उपयोगी, कारण धावताना गुडघा जे काम करतो त्याच्या तो सर्वांत जवळचा. पण वेदना दोनच्या वर जात असेल तर आधी पायरीची उंची कमी करावी. जोडीला टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम. प्रत्येक प्रकार १० ते १५ वेळा, दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देणाऱ्यांचीच संख्या मोठी आहे.

धावण्यापूर्वी ताण देण्याच्या व्यायामांवर अनेकांचा फार विश्वास असतो. ते करण्यास हरकत नाही, परंतु दुखापत टाळण्यात त्यांचा वाटा अल्पच असल्याचे दिसते. पाच-सात मिनिटे भराभर चालून अंग गरम करणे अधिक कामाचे.

वजनाचा विषय नाजूक असला तरी टाळता येत नाही. गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल व्यक्तींवरील २००५ मधील अभ्यासात, वजनात एक किलो घट झाली की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोने उतरतो, असे आढळले. म्हणून वजन अधिक असलेल्यांनी धावू नये असे नव्हे. त्यांनी पहिले दीड-दोन महिने चालण्यावर भर द्यावा आणि धावण्याची मिनिटे हळूहळू मिसळावीत.

बूट, रस्ता आणि पावले

गुडघा दुखला की नवे बूट घेण्याकडे कल असतो, आणि दुकानदार तळपाय पाहून ‘तुमचा पाय आत वळतो, तुम्हाला हा खास जोड हवा’ असे सांगतात. डेन्मार्कमध्येच ९२७ नवोदितांना एकाच प्रकारचे साधे बूट देऊन वर्षभर पाहणी केली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाय मध्यम प्रमाणात आत वळणाऱ्यांना अधिक दुखापती झाल्या नाहीत. तेव्हा बूट निवडताना पायाला आराम वाटतो की नाही, पुढे अंगठ्याभर जागा आहे की नाही, एवढे पाहावे. झिजून एका बाजूला कललेला जोड बदलावा. किंमत आणि गुडघ्याचे आरोग्य यांचा थेट संबंध नाही. बूट अचानक बदलून, अतिशय पातळ तळव्याच्या जोडात त्याच अंतराची धाव घेणे मात्र टाळावे. त्याने भार गुडघ्याकडून पोटरी व टाचेच्या कंडरेकडे सरकतो आणि दुखणे फक्त जागा बदलते.

मातीचा रस्ता मऊ असतो, म्हणून टेकडीवर धावा, असे सांगितले जाते. मातीत तथ्य असले, तरी टेकडीला उतार असतो, आणि दुखऱ्या वाटीला उतार सर्वांत नकोसा. अशा काळात चढून जावे आणि उतरताना चालावे. डांबरी रस्ता सपाट असेल तर तो खडबडीत उतारापेक्षा बरा.

पावलांच्या गतीचा उपाय फुकट आहे आणि पुष्कळांना लागू पडतो. वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, म्हणजे पावले लहान व लवकर टाकली, तर गुडघ्यावरील भार कमी होतो, असे अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील २०११ मधील प्रयोगात दिसले. आपली पावले अर्धा मिनिट मोजून दुप्पट करावीत. ती १६० भरत असतील तर १६८ ते १७० करून पाहावीत. मिनिटाला १८० पावले हवीतच, असा आग्रह मात्र निराधार आहे. उंची व वेग यांनुसार हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो.

डॉक्टरांकडे केव्हा?

गुडघा मुरगळून काही तासांतच सूज आली, सांधा अडकून सरळ होईनासा झाला, चालताना पाय एकदम दगा देऊ लागला किंवा त्यावर भार टाकता येईना, तर घरगुती उपाय न करता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडावर एका बिंदूत दाबल्यावर तीव्र दुखणे, रात्री झोपेतून जागे करणारी वेदना, गुडघा लाल व गरम होऊन ताप येणे, किंवा पोटरी सुजून दुखणे, ही लक्षणेही थांबण्याची नाहीत. धावणे वाढवताना आहार घटवलेल्या आणि मासिक पाळी अनियमित झालेल्या स्त्रियांना ताणभंगाचा धोका अधिक असतो. त्यांनी हाडाचे दुखणे अंगावर काढू नये. वाढत्या वयातील मुलाचा गुडघा दुखत असेल आणि तो लंगडत असेल तर त्याचा खुबाही तपासून घ्यावा. खुब्यातील दोषाची वेदना गुडघ्यात जाणवते. यांपैकी काही नसेल, तर सहा आठवडे भार कमी करून व्यायाम करून पाहावेत. त्यानंतरही सुधारणा नसल्यास तज्ज्ञांकडे जावे. क्रीडापटूंवर उपचार करणारा फिजिओथेरपिस्ट उपलब्ध असल्यास त्याच्याकडे आधीच गेले तरी उत्तम.

जाताना गेल्या दोन महिन्यांतील धावण्याची नोंद सोबत न्यावी. ती पाहून जे कळते, ते कित्येकदा तपासणीतूनही कळत नाही. एमआरआयची घाई मात्र करू नये. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या सर्वसामान्य नागरिकांचे गुडघे तपासण्यात आले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, ज्यांच्या मेनिस्कसमध्ये फाट आढळली, त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास झालेला नव्हता. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाच्या अहवालात ‘फाट’, ‘झीज’ असे शब्द आले, तरी त्याचे दुखणे त्यामुळेच आहे असे ठरत नाही. अहवाल वाचून धास्तावलेल्या आणि शस्त्रक्रियेची तारीख विचारणाऱ्या रुग्णाने आधी स्नायूंच्या व्यायामाला पुरेसा अवधी दिला का, हे स्वतःला विचारावे, आणि डॉक्टरांनाही विचारावे.

स्पर्धा जवळ आली असताना

परत येण्याचा क्रम साधारण असा ठेवता येतो. अर्धा तास वेगाने चालल्यावर दुसऱ्या दिवशी दुखत नसेल, तर एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. हे आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. पुढील आठवड्यात दोन मिनिटे धावणे व दोन मिनिटे चालणे, त्यानंतर तीन व एक. प्रत्येक टप्प्यावर वर सांगितलेल्या तीन अटी पाळायच्या. एखाद्या टप्प्यावर वेदना वाढली तर एकच पायरी मागे यायचे, पुन्हा पहिल्यापासून नव्हे. आधी अंतर पूर्ववत करावे, वेग त्यानंतर, आणि उतार सर्वांत शेवटी. बहुतेकांना यास सहा ते दहा आठवडे लागतात.

यात अडचण येते ती जानेवारीच्या स्पर्धेची. नाव नोंदवलेले असते, कार्यालयातील गट एकत्र धावणार असतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस गुडघा दुखू लागतो. अशा वेळी चुकलेल्या लांब धावा उरलेल्या आठवड्यांत भरून काढण्याचा प्रयत्न हमखास अंगाशी येतो. त्या आता भरून निघणाऱ्या नसतात. चालण्या-धावण्याच्या मिश्रणात दहा किलोमीटर वरील अटींत बसत असतील, तर अर्धमॅरेथॉनचे २१ किलोमीटर त्याच मिश्रणाने, घड्याळाकडे न पाहता करता येतील का, हे फिजिओथेरपिस्टला विचारावे. पाच किलोमीटरलाच वेदना चार-पाचवर जात असेल, तर त्या वर्षी रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवाव्यात. नोंदणीचे पैसे बुडतील, पण ते नंतरच्या उपचारांच्या खर्चापेक्षा बहुधा कमीच असतात.